उद्या तुला ताप आहे

रोहा, रविवार, ११ जानेवारी १९९८

चि. मैना हिस,

‘चि.’ लिहू की नको या घोळात दोन कागद फाडले. त्रेपन्न वर्षांच्या बाईला चि. काय लिहायचं! पण अठरा वर्षं बोलत नसले तरी थोरली मीच ना, म्हणून लिहिलं. हस हवं तर. पत्र तुझ्या शाळेच्या पत्त्यावर टाकतेय. पेणातला घरचा पत्ता नातेवाइकांकडे मागायचा म्हणजे आधी त्यांच्या शंभर प्रश्नांना उत्तरं द्या.

मैना, मी हादरलेय गं. अक्षर बघ कसं आलंय. मोत्यासारख्या अक्षरासाठी जिचं तालुक्यात नाव, तिचं हे अक्षर!

शुक्रवारी आपल्या जुन्या शाळेत गेले होते. मी हेडबाई आणि तू माझ्या हाताखाली, तीच ती दोन खोल्यांची. आता चार झाल्यात. नव्या खोल्यांचं उद्घाटन आणि जुन्या शिक्षकांचा सत्कार असा बेत होता. शाल, नारळ, लेझीम, सगळं यथासांग. आपला विद्यार्थी गुणाजी आता डोलवीला कंपनीत आहे, शिफ्ट बदलून आला म्हणे माझ्यासाठी. वाकून पाया पडला. मी भाषणात सांगितलं की माझ्या काळात तपासणीत या शाळेवर एकही वाईट शेरा नव्हता. एक होता, आणि तो कुणामुळे लागला ते तुला ठाऊक आहे. तेवढा वगळला. टाळ्या पडल्या.

मग चहाच्या वेळी आताचे हेडमास्तर दिनानाथ सर मला बाजूला घेऊन म्हणाले, “बाई, तुमचा सल्ला हवा होता. चौथीत सरू म्हणून मुलगी आहे, वरच्या कातकरवाडीतली. गणितात तिचा हात धरणारं कुणी नाही. पंधरा फेब्रुवारीला पेणला शिष्यवृत्तीची परीक्षा आहे, तिचा फॉर्म मी भरलाय. पण कुणी साहेब येणार असले की ही शाळेतच येत नाही. आजही नाही. विचारलं की वाडीतून निरोप एकच, ताप आलाय.”

मी म्हटलं, “वाडीतली पोरं, आजारपणं असतातच.” तर त्यांनी हजेरीपट आणून दाखवला. जूनपासून सात दिवस गैरहजर. केंद्रप्रमुख आले तो दिवस. विस्तार अधिकारी आले तो. आमदार आले तो. सातही दिवस कुणी ना कुणी मोठं माणूस शाळेत आलेलं. “आणि दुसऱ्या दिवशी टुणटुणीत हजर,” दिनानाथ सर म्हणाले. “असा कसला ताप हा? विचारलं की पोर खाली बघते.”

माझा चहा सगळा नव्या शालीवर सांडला.

त्या भल्या माणसाला काही उमगलं नाही. मला उमगलं. तुलाही हे वाचताना उमगलं असेल. तपासणीच्या आदल्या दिवशी मी वर्गातून फिरायची, ढ मुलांच्या डोक्यावर हात ठेवायची आणि सांगायची, “उद्या तुला ताप आहे हं.” पोरं समजायची. दुसऱ्या दिवशी साहेबांपुढे फक्त तेल लावून भांग पाडलेली, पाढे तोंडपाठ असलेली मुलं. तू याला फसवणूक म्हणायचीस, मी शाळेची अब्रू म्हणायची. आणि खरं सांग, कोणत्या शाळेत होत नव्हतं तेव्हा? मी काय जगावेगळं केलं?

पण मी ती शाळा सोडली तेव्हा ही सरू जन्मालाही आली नव्हती. मग माझा ताप तिला आला कुठून? डोकं चालत नाही. आज जास्त लिहवत नाही.

मालू

रोहा, बुधवार, २१ जानेवारी १९९८

मैना,

तुझं कार्ड मिळालं. “पत्र पोचलं. मुलगी कोणाची?” अठरा वर्षांनी चार शब्द! सहीसुद्धा नाही. लहानपणी पेरूची फोड देतानासुद्धा अशीच करायचीस. असू दे, लिहिलंस तरी.

मुलगी जानीची. आठवते ना, तिसरीतली जानी? नाक वाहतंय, फ्रॉकला पाठीवर बटण नाही, आणि सारखी तुझ्यामागून फिरायची ती. ढ होती. तिला मी बहुतेक प्रत्येक तपासणीला ताप दिला होता.

सोमवारी मी वाडीवर गेले. फाट्यावर एसटीतून उतरून अर्धा तास चालले, या वयात. जानी वालाच्या शेतात मजुरीला होती, शेंगा खुडत. मला बघून धावतच आली. सत्तावीस-अठ्ठावीसची असेल, पण दिसते चाळीसची. झोपडीशी नेलं, हात धुतले, घरातली एकुलती एक धड चटई माझ्यासाठी अंथरली आणि स्वतः मातीत बसली. “बाई, तुमी! आमच्या दारात!” तिला इतका आनंद झाला होता की मला विचारायची लाजच वाटायला लागली. तरी विचारलं.

“जाने, सरूला सारखा ताप कसला येतो गं?”

ती लाजून हसली. “ताप नाय येत बाई. साहेब येतो ना! मंग मीच ठेवते घरी. तुमीच शिकवलंत ना आमाला, आपल्यामुळं शाळंचं नाव जाऊ नये. तो चंदर एकदा मुद्दाम आला, तुमी केवढं ओरडलात त्याला. मी नाय कधी आले. एकदा पन चुकले नाय.”

मैना, तिच्या आवाजात अभिमान होता गं. शाळेत तिला जमलेली ही एकच गोष्ट, अशा थाटात सांगत होती.

मी म्हटलं, “पण सरू हुशार आहे. सर स्वतः सांगतात.”

“सर चांगलं हायत. कुनाला वायट बोलत नाय,” ती म्हणाली. “पन माझ्या पोटची ती. हुशार कुटनं असंल?”

सरू दाराआडून बघत होती. मी तिला जवळ बोलावलं. बोलावलं तर तिने मान वळवून उजवा कान माझ्याकडे केला. विचारलं, “सतरा नवे किती?”

“एकशे त्रेपन्न,” पोरगी पटकन म्हणाली. आणि माझ्या तोंडाकडे बघून लगेच, “चुकलं असंल.”

अडतीस वर्षं शिकवलं मी. चुकीचं उत्तर ठोकून देणारी पोरं शेकड्यानं पाहिली. बरोबर उत्तर देऊन “चुकलं असंल” म्हणणारं मूल पहिल्यांदाच समोर उभं होतं.

मग मी कानाचं विचारलं. जानीने जे सांगितलं ते तसंच्या तसं लिहिते, माझ्या शब्दांत मांडायची हिंमत नाही. “चार वरसांची होती. अंगावर गवर आला, मंग कान फुटला, पू यायचा. नर्सबाई घरोघर सांगून गेली, शाळंत शिबिर हाय, मुंबयचा मोठा डाक्टर येनार हाय, पोरीला आना. मी नाय नेली. एवढा मोठा डाक्टर, समदे साहेब लोक, तितं ही आसली पोर घेऊन कसं जायचं? नर्सबाईचं नाव गेलं असतं. घरीच ठेवली.” आणि मग म्हणाली, “तवा मातर खरा ताप होता बाई.”

डाव्या कानाने सरूला ऐकू येत नाही. पाच वर्षं झाली. दिनानाथ सरांनाही माहीत नाही, वर्गात ती शेवटी बसते.

परीक्षेला पाठवणार का विचारलं, तर तिने जीभ चावली. “पेणला? तितं तर समदे साहेबच.” मी नेहमीच्या आवाजात सांगितलं, “बाईंचा हुकूम आहे, पाठवायचं.” ती लगेच “व्हय” म्हणाली. तो ‘व्हय’ मला ओळखीचा आहे. तापाचं सांगितलं तेव्हाही ती असंच ‘व्हय’ म्हणायची. असा ‘व्हय’ घेऊन आलेली पोर पेपरात काय लिहिणार? कोरा ठेवून येईल.

पण मैना, यात सगळं माझंच का? जानी ढ होती, तिला मी चार-सहा दिवस घरी बसवलं, एवढंच ना? आता ढ मूल ते ढच राहणार, त्याला मी काय करणार होते? सांग ना.

मालू

रोहा, रविवार, १ फेब्रुवारी १९९८

मैना,

“जानी ढ होती असं एका पत्रात तीनदा लिहिलं आहेस. निकालपत्रक बघ.” हे तुझं दुसरं कार्ड. वाचून माझ्या अंगाचा तिळपापड झाला. अजून तीच तुझी खोड, म्हटलं. साहेबांपुढे ताडकन उभी राहून “अकरा मुलं आजारी नाहीत, बाईंनी घरी ठेवलीत” म्हणणारी तूच ना! सगळ्या गावासमोर माझं नाक कापलंस तेव्हा. कार्ड कचऱ्यात टाकलं. मग काढलं.

शुक्रवारी गेले. दिनानाथ सरांनी जुन्या दप्तराची पत्र्याची पेटी उघडून दिली. झुरळांनी कडा खाल्ल्यात, पण आकडे शाबूत आहेत. इयत्ता तिसरी, सन १९७९-८०, सहामाही. जानी. गणित, पन्नासपैकी शेहेचाळीस. वर्गात पहिली.

माझंच अक्षर. माझीच सही.

मी भिंतीला टेकून बसले ती बसलेच. दिनानाथ सर घाबरले, पाणी आणलं. मैना, देवाशपथ सांगते, मी तुझ्याशी खोटं बोलत नव्हते. मला खरंच वाटत होतं की ती ढ होती. माझ्या डोळ्यांसमोर येणारी जानी पाटीवर रेघोट्या मारणारी होती. अशी जानी कधी नव्हतीच! ती मी घडवली आणि मीच तिच्यावर विश्वास ठेवला. माणसाचं मन इतकं लबाड असतं? माझं असेल?

बसल्या बसल्या एकेक आठवत गेलं. त्याच्या आदल्या वर्षीची तपासणी. साहेबांनी गणित घातलं आणि कुणी पाटी उचलायच्या आत मागून जानी ओरडली, उत्तर बरोबर. साहेब शाळा समितीच्या चेअरमनना हसत म्हणाले, “तुमच्या गावात कातकऱ्यांची पोर पुढे आणि तुमची मागे?” चेअरमनची बायजा पहिल्या बाकावर, तिची पाटी कोरी. चेअरमनचं तोंड उतरलं. साहेबांची जीप गेल्यावर ते मला एवढंच म्हणाले, “पुढल्या खेपेला जरा बघा बाई.”

मी बघितलं. पुढच्या खेपेपासून जानीला ताप.

त्यांनी नावसुद्धा घेतलं नव्हतं गं. मीच समजले. आणि समजून घेण्यात मी तरबेज म्हणूनच मला हेडबाई केलं होतं. ढ मुलांचं तर निमित्तच होतं. पहिली येणाऱ्या मुलीला मी ढांच्या रांगेत उभं केलं आणि एका वर्षात ती खरोखरच मागे पडली. वार्षिकला गणित एकोणीस. चौथीनंतर नाव काढलं.

तू हे सगळं तेव्हाच बोलली होतीस. “ताई, ती मुलगी तू मोडतेयस,” असं. मी तुझ्याशी बोलणं टाकलं ते त्या शेऱ्यामुळे, असं सगळ्यांना सांगत आले. ते खोटं. या वाक्यामुळे टाकलं. बाबांच्या दिवसकार्याला तू समोर बसली होतीस आणि मी मान वर केली नाही, तीही याच वाक्यामुळे.

आता काय करू?

मालू

रोहा, सोमवार, ९ फेब्रुवारी १९९८

मैना,

या वेळी कार्डावर “तिला सांग” एवढंच. बरं. सांगून आले.

शनिवारी दिनानाथ सरांकडून निकालपत्रकाची नक्कल करून घेतली आणि वाडीवर गेले. जानीने पुन्हा चटई काढली. मी बसले नाही. म्हटलं, “जाने, तू ढ नव्हतीस. वर्गात पहिली होतीस.”

ती हसली. “उगा कायतरी बाई.”

मी वाचून दाखवलं. शेहेचाळीस.

“कितीतनं?”

“पन्नासातनं.”

ती कागदाकडे बघू लागली. मग विचारलं, “बायजाला किती?”

“एकतीस.”

तेव्हा तिने तो कागद माझ्या हातातून घेतला. तिला अजून वाचता येतं, मैना. बोट फिरवत, ओठ हलवत तिने स्वतःचं नाव शोधलं, आकडा शोधला, मग बायजाचं नाव शोधलं. सरू शेजारी येऊन उभी राहिली, तिला आकडा वाचून दाखवला. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, “मंग मला ताप का म्हून?”

मी सगळं सांगितलं. साहेब, चेअरमन, बायजाची कोरी पाटी, ते “जरा बघा”. काही लपवलं नाही. मला वाटलं होतं ती रडेल. किंवा म्हणेल, जाऊ द्या बाई, झालं गेलं. खोटं कशाला बोलू, वाटच बघत होते मी त्या वाक्याची.

ती उठली. तिने माझ्यासाठी अंथरलेली चटई गुंडाळून आत ठेवली. “निघा बाई,” म्हणाली.

आवाज चढवला नाही. मला क्षणभर कळलंच नाही की मला सांगतेय.

“जाने, परीक्षा...”

“ती माझी मी बघंन. तुमी नका येऊ. तुमी काय आला, की मला खालीच बसावंसं वाटतं.” आणि मग एकदम तिचा बांध फुटला. “पोरीचा कान गेला ना बाई! मी तिला दाराशी बसवून ठेवली, गाडी येताना बघितली, गाडी जाताना बघितली! शाळंचं नाव म्हून! कुनाचं नाव हो?”

शेजारच्या झोपड्यांतली माणसं बाहेर आली. मी खाली मान घालून निघाले. अख्ख्या नोकरीत कुणी मला असं बोललं नव्हतं. तू सोडून.

ती सरूला परीक्षेला आणेल की नाही, मला काही सांगता येत नाही. ना मला विचारायची सोय राहिली, ना हुकूम सोडायची. पण केंद्र तुझ्याच शाळेत आहे असं दिनानाथ सर म्हणाले. आली, तर एवढं कर. सरू, चौथी, अंगाने बारीक, कपाळावर गोंदण. तिला पुढच्या बाकावर बसव आणि सूचना सांगताना तिच्या उजव्या बाजूला उभी राहा. नाहीतर तिला अर्धं ऐकू येणार नाही आणि ती विचारणारही नाही. आणि माझं नाव काढू नकोस.

मालू

पेण, रविवार, १५ फेब्रुवारी १९९८, दुपार

मैना,

हे पेणच्या एसटी स्टँडवर बसून लिहितेय. हो, मी आले होते. येऊ नका म्हणाली होती, तरी राहवलं नाही. तुझ्या शाळेसमोर तो गणपतीचा कारखाना आहे ना, त्याच्या पायरीवर बसले होते, डोक्यावरून पदर घेऊन. आत कच्च्या मूर्ती ओळीने वाळत होत्या. कारखानदार दोनदा विचारून गेला, “आजी, कुणाची वाट बघताय?” काय सांगणार?

साडेदहा वाजले तरी त्या दोघी दिसेनात. दिनानाथ सर बाकीची चार मुलं घेऊन आले, आत गेले, पुन्हा फाटकाशी येऊन घड्याळ बघून गेले. मग स्टँडच्या बाजूने येताना दिसल्या. सरूच्या केसांना तेल, हातात पुठ्ठा आणि पेन. जानीने ठेवणीतलं लुगडं नेसलं होतं.

आणि नेमकी तेव्हाच साहेबांची जीप येऊन फाटकात थांबली. साहेब उतरले आणि तिथेच उभे राहून कुणाशी तरी बोलायला लागले.

सरू जागच्या जागी थांबली. आईचं लुगडं ओढून काहीतरी म्हणाली. जानीने साहेबांकडे बघितलं, आणि मैना, त्या दोघी मागे वळल्या! दहा-बारा पावलं परत आल्या, अगदी माझ्या समोरच्या कडेपर्यंत. मी ताडकन उठले. ओरडावं असं वाटलं, “जाने, मागे फिर!” पण ज्या तोंडाने तिला घरी बसवलं त्या तोंडाने कसं ओरडू? तोंडावर हात दाबून उभी राहिले. संपलं, म्हटलं. आई गेली, आता मुलगीही गेली.

जानी थांबली होती. तिचे खांदे हलत होते. रडत होती की दम घेत होती, पाठमोरी होती, मला दिसलं नाही. मग तिने सरूचं मनगट धरलं आणि सरळ चालायला लागली. जीपच्या कडेने नाही गं, सरळ साहेबांपुढे जाऊन उभी राहिली आणि ओरडलीच. रस्त्यावरची सगळी माणसं वळून बघायला लागली.

“साहेब! ही माझी पोर. परीक्षेला आलीय. गणितात पयली हाय.”

साहेब दचकले. “बरं बरं...”

“मी पन होते,” जानी म्हणाली. “मी पन पयली होते.”

साहेबांना त्यातलं काय कळणार? ते म्हणाले, “मग उभ्या काय राहिलात? वेळ झाली, न्या तिला आत.” इतकं साधं होतं गं ते. इतकंच बोलतात साहेब लोक. त्याची एवढी धास्ती मी तिच्या हाडात भरून ठेवली होती.

मग तू बाहेर आलीस. किती पिकलीस मैना तू! तू वाकून सरूच्या उजव्या कानात काहीतरी सांगितलंस आणि तिला आत घेऊन गेलीस, तेव्हा मी पायरीवर बसून ढसाढसा रडले. कारखानदाराने पाणी दिलं.

पेपरभर जानी फाटकाशीच बसली होती, उन्हात, सगळ्यांना दिसेल अशी. एकदा तिची नजर माझ्यावर पडली. तिने ओळखलं. नमस्कार केला नाही, उठली नाही, मान फिरवली नाही. नुसती बघत राहिली. शेवटी मीच नजर खाली केली आणि घंटा व्हायच्या आत तिथून निघाले.

आता पेपर सुटला असेल. कसा गेला ते तुला कळेल. मला कळवायला बसू नकोस, आधी बाहेर जाऊन जानीला सांग.

तुझी ताई

मालू